सात सेकंद हात आवरताना: कराझानमधल्या एका हीलरचं प्रकरण

ऑगस्ट 2021 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात आमचा दहा जणांचा गट कराझान या टॉवरच्या माथ्यावर, प्रिन्स माल्चेझार या बॉससमोर, म्हणजे मोठ्या शत्रूसमोर, सलग चार शनिवार मरत होता. खालचे बॉस पडायचे. प्रिन्सचं आरोग्य साठ टक्क्यांच्या खाली यायचं, तो कुऱ्हाडी हातात घ्यायचा आणि थोड्याच वेळात आमचा टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारा, आडवा व्हायचा. चौथ्या शनिवारनंतर गटाने कारण ठरवूनच टाकलं: आपल्या प्रीस्ट हीलरचं, म्हणजे सगळ्यांचं आरोग्य भरणाऱ्या खेळाडूचं, गिअर (अंगावरचे कपडे-हत्यारं) कमी पडतंय.

हे कारण चुकीचं होतं. रेड, म्हणजे गटाची ही मोहीम, मी चालवत होतो. त्या हीलरला महिनाभर जे ऐकून घ्यावं लागलं, त्याचं मूळ माझ्याच एका हुकमात होतं, हे मला लढाईची नोंद, म्हणजे लॉग, उघडून बसल्यावर कळलं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितोय. गट छोटा, हीलर नवी आणि रात्री दीड वाजता सगळेच चिडलेले, अशी वेळ पुष्कळांवर येत असेल.

गट आणि गिअर

कराझान हा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ‘बर्निंग क्रूसेड’ भागातला दहा जणांचा रेड. मूळ भाग 2007 चा, त्याची क्लासिक आवृत्ती जून 2021 मध्ये आली. आम्ही दहापैकी सात जण सोलापूरचे, बाकीचे नोकरीपायी पुण्याला गेलेले. भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे युरोपच्या सर्व्हरवर खेळायचं आणि बटण दाबल्यावर कणभर उशीर होणार हे गृहीत धरायचं. हीलरला हा कणभर उशीर जास्त जाणवतो, कारण त्याचं सगळं काम दुसऱ्याच्या आरोग्याच्या पट्टीकडे बघून चालतं.

टँक म्हणजे आमचे अण्णा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे यंत्रमाग आहेत. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभे असतात, म्हणून खेळताना व्हॉइस चॅटवरही मोठ्याने बोलतात. हीलर तिघं होते, प्रत्येकाच्या पात्राचा प्रकार वेगळा. ड्रुइड म्हणजे मेडिकलवाले काका, पॅलॅडिन इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला पोरगा, आणि प्रीस्ट म्हणजे अक्का. अक्का अशोक चौकाच्या पुढे राहतात, घरच्या टॉवेलच्या कारखान्याचा हिशोब बघतात. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून सगळे त्यांना अक्काच म्हणतात. याआधी त्यांनी कुठलाच रेड केलेला नव्हता.

त्यांनी तयारी कशी केली ते नीट सांगायला हवं, कारण पुढे आरोप नेमका तिथेच झाला. टॉवरची किल्ली मिळवायला शॅडो लॅबिरिंथ, स्टीमव्हॉल्ट, आर्कॅट्राझ आणि शेवटी ब्लॅक मोरॅस असा डंजनांचा, म्हणजे छोट्या मोहिमांचा, फेरा करावा लागतो. त्यांनी तो पूर्ण केला, आणि नंतर गटातल्या इतरांसाठी हीलर म्हणून तेच डंजन पुन्हा पुन्हा केले. खेळातलं टेलरिंग शिकून प्रायमल मूनक्लॉथ या कापडाचा संच शिवायला घेतला. हे कापड मूनवेल या कुंडापाशी जाऊनच बनवावं लागतं, आणि एकदा बनवलं की पुढचं जवळजवळ चार दिवसांनी. त्यावर अक्का एकदा म्हणाल्या, “चार दिवसांनी पाणी, चार दिवसांनी कापड. आपल्याला सवय हाय याची.” खांदे आणि पट्टा झाला होता, अंगरखा राहिला होता. तिन्ही झाले की मंत्र टाकत असतानाही मानाची, म्हणजे मंत्रांना लागणाऱ्या शक्तीची, पाच टक्के भरण चालू राहते.

प्रीस्टच्या गिअरवर मुख्यतः चार गोष्टी बघतात. हीलिंगचा आकडा मंत्राची ताकद वाढवतो. इंटेलेक्टने मानाची टाकी मोठी होते. स्पिरिटने टाकी आपोआप भरत राहते. आणि ‘दर पाच सेकंदांना इतका माना’ असं लिहिलेलं असतं ती चौथी. पहिला आकडा सगळ्यांना दिसतो आणि लगेच कळतो, म्हणून आम्ही त्याच्याच मागे लागलो. अक्कांनी लाल खड्यांच्या जागी टीअरड्रॉप लिव्हिंग रूबी बसवले, गदेवर 81 हीलिंगचं एनचांट (मंतरून दिलेली भर) घेतलं, रेडच्या आधी गोल्डन फिश स्टिक्स खाल्ल्या. मेडन ऑफ व्हर्च्यू या बॉसकडून शार्ड ऑफ द व्हर्च्युअस ही गदा पडली तेव्हा काका आणि पोरगा दोघांनी रोल (वाटणीची सोडत) केला नाही, ती अक्कांना दिली. एवढं झाल्यावरही प्रिन्सपाशी तेच.

मग दडपण सुरू झालं. “स्पिरिटची अंगठी काढा, हीलिंगची घाला.” “तो गळ्यातला बदला.” मीही म्हणालो. त्यांनी बदललं. दोन आठवड्यांत हीलिंग दीडशेने वाढलं आणि स्पिरिट खाली गेलं.

आता हिशोब बघा. फ्लॅश हील दीड सेकंदाचा मंत्र आहे. गिअरवरच्या हीलिंगचा त्याला साधारण 43 टक्के लाभ मिळतो. टॅलेंट, म्हणजे पात्राचे निवडून घेतलेले गुण, बाजूला ठेवले, तर दीडशे हीलिंग वाढवून एका फ्लॅश हीलमागे भर पडते 64 ची. फ्लॅश हील मुळात सतराशेच्या आसपास भरत होता. म्हणजे पंधरा दिवस डंजन तुडवून मिळालं चार टक्क्यांच्या आत, आणि त्याच्या बदल्यात टाकी भरण्याचा वेग गेला. हा हिशोब मी त्याच वेळी केला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

प्रिन्ससमोर काय होत होतं

लढाईचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात प्रिन्स टँकला मारतो, वरून इन्फर्नल हे जळते राक्षस पडत राहतात, आणि साधारण अर्ध्या मिनिटाने एनफीबल येतं. टँक सोडून कुठल्याही 5 जणांचं आरोग्य एकदम 1 वर येतं आणि ते सात सेकंद तसंच राहतं. या काळात त्यांच्यावर कुठलाही हील चालत नाही. लगेच पाठोपाठ शॅडो नोव्हा हा प्रिन्सचा स्फोट येतो. जवळ असलेला एनफीबल झालेला माणूस त्यात मरतो, म्हणून त्याने लांब पळायचं असतं. सात सेकंद टिकला की आरोग्य आधी होतं तितकं परत येतं.

साठ टक्क्यांना दुसरा टप्पा. दोन्ही हातात कुऱ्हाडी, टँकचं चिलखत फोडणारे फटके. पहिल्या टप्प्यात शंभर रुपयांत भागत असेल तर इथे दोनशे लागतात, असं समजा. तीस टक्क्यांनंतर कुऱ्हाडी सुटून उडतात आणि कुणावरही जातात. इन्फर्नल भराभर पडतात, पण एनफीबल थांबतं.

आम्ही दुसऱ्या टप्प्यात, पन्नास ते चाळीस टक्क्यांच्या मध्ये, अडकायचो. दर वेळी एकच क्रम. अक्का व्हॉइसवर म्हणायच्या, “माना संपला ओ.” त्यानंतर वीस-तीस सेकंदांत अण्णा पडायचे.

कोण किती आरोग्य भरतंय ते दाखवणारा हीलिंगचा मीटर बघितला की अक्का तिघांत शेवटच्या. पोरगा सगळ्यांत वर, कारण तो अण्णांवर सतत फ्लॅश ऑफ लाइट हा मंत्र टाकत होता आणि तिथला प्रत्येक थेंब मोजला जात होता. सगळ्यांत जास्त माना खर्च करणारी व्यक्ती मीटरमध्ये तळाला कशी, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. मीटर खाली आणि टाकी रिकामी, म्हणजे गिअर कच्चं, एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर पुढे कुणी बघितलं नाही.

पाणी आलेली रात्र

चौथा शनिवार. रात्री साडेअकरा. प्रिन्सवर दोनदा वाइप झालेला, म्हणजे सगळा गट मेलेला. तिसऱ्या प्रयत्नाआधी अक्का म्हणाल्या, “पाणी आलंय, मोटर लावून येते. अर्धा तास लागंल.”

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. उजनी धरण भरलेलं असलं तरी तेव्हा आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड यायचं, आणि कुठल्या वेळी येईल ते भागाभागावर असायचं. ते आलं की हातातलं काम टाकून उठावंच लागायचं. टाकी, बॅरल, घागरी, सगळं भरून ठेवायचं, नाहीतर पुढचे चार दिवस टँकरवाल्याच्या पाया पडायचं. गटातल्या सोलापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. तरीही त्या रात्री दोन-तीन सुस्कारे मी ऐकले.

आम्ही थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “नऊ जणांत एकदा बघू, नुसता सराव.” काका आणि पोरगा, दोनच हीलर. प्रिन्स 44 टक्क्यांवर असताना आम्ही मेलो. अक्का असताना त्याच रात्री 46 आणि 43 झालं होतं.

पोरगा गटाच्या चॅटमध्ये लिहून गेला: अक्का असो नसो, सारखंच हाय बे. त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याने आकडा वाचून दाखवला. पण अक्का पाणी भरून परत आल्या तेव्हा ती ओळ तशीच समोर होती. त्यांनी ती वाचली, “बरं, उद्या बघू,” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. मी चॅटमध्ये काहीच लिहिलं नाही. हे मला आजही लागतं. रेड चालवणाऱ्याने त्याच क्षणी बोलायला हवं होतं.

रविवारी सकाळी त्यांचा निरोप आला: दुसरा हीलर बघा, मी डंजन करत जाईन, रेडमध्ये तुमचा वेळ जातोय.

लॉग

मी त्यांना दोन दिवस मागितले. लढाईची नोंद मी ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’ या साइटवर चढवत असे, पण आजवर बघायचो ते कोण कधी मेलं एवढंच. या वेळी अक्कांचा एकच प्रयत्न घेतला, 46 टक्क्यांचा, आणि त्यांचा प्रत्येक मंत्र एका वहीत उतरवला. कुठला, कुणावर, किती भरला.

पहिल्या अडीच मिनिटांत पाच एनफीबल आले होते. त्यातल्या एकात अक्का स्वतः सापडल्या होत्या आणि पळत होत्या. उरलेल्या चार वेळी त्यांनी एनफीबल झालेल्या माणसांवर मिळून 13 फ्लॅश हील टाकले होते. त्या तेराही ओळींसमोर भरलेलं आरोग्य शून्य.

एक फ्लॅश हील 470 मानाचा. 13 गुणिले 470 म्हणजे 6110. अक्कांची पूर्ण टाकी साडेनऊ हजारांच्या आसपास होती. म्हणजे दुसरा टप्पा यायच्या आधीच टाकीचे जवळजवळ दोन-तृतीयांश अशा जागी ओतले गेले होते, जिथे एक थेंबही मुरणार नव्हता.

दुसरं नुकसान या तेरा ओळींत दिसत नव्हतं. प्रीस्टचा स्पिरिटवरचा माना, मंत्रावर माना खर्च झाला की पुढचे पाच सेकंद भरायचा थांबतो. मेडिटेशन हे टॅलेंट पूर्ण घेतलं असेल तर त्याचा तीस टक्के चालू राहतो, तेवढंच. दर अर्ध्या मिनिटाला येणारे ते सात सेकंद खरं तर अक्कांना श्वास घ्यायला मिळालेली जागा होती. पाच जणांकडे बघायचंच नाही, अण्णांकडे बाकी दोघं आहेत. तेवढ्या वेळात हात आवरला असता तर पाच सेकंदांची अट उलटून टाकी पूर्ण वेगाने भरू लागली असती. त्या बरोबर त्याच वेळी सगळ्यांत जास्त खर्च करत होत्या.

नऊ जणांचा प्रयत्न 44 टक्क्यांपर्यंत का गेला, याचंही उत्तर इथेच होतं. अक्का कमी पडत होत्या असं नाही. पहिल्या टप्प्यात त्यांच्या हीलची गरजच फारशी नव्हती. दुसऱ्या टप्प्यात त्या लागायच्या, आणि तिथे त्या रिकाम्या हाताने पोचत होत्या. त्यामुळे असल्या काय नि नसल्या काय, शेवट सारखाच व्हायचा. पोराने वाचलेला आकडा बरोबर होता, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावला.

मग प्रश्न राहिला, असं का? अक्का निष्काळजी नाहीत. मेडनचा होली फायर हा जाळणारा मंत्र त्या कुणावरही दोन सेकंदांच्या वर राहू देत नाहीत, लगेच उतरवतात. मग इथेच असं का होतंय? उत्तर शोधायला मी व्हॉइसचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात माझा आवाज होता. प्रत्येक एनफीबलला मी ओरडत होतो: “हील! हील! एकावर आलेत, बघा!”

आणि त्याच्याही मागे जायचं तर मोरोस. कराझानच्या सुरुवातीच्या बॉसपैकी तो एक. तो कुणाच्याही मागे जाऊन गॅरोट हा गळफास लावतो, दर तीन सेकंदांना सुमारे हजार आरोग्य जातं आणि ते पाच मिनिटं चालतं. पहिल्या आठवड्यात गॅरोट लागलेली तीन माणसं आम्ही गमावली. तेव्हा मी अक्कांना बजावलं होतं: “कुणाचीही पट्टी अर्ध्याखाली राहिलेली मला दिसता कामा नये.” मोरोससाठी ते बरोबर होतं. अक्कांनी ते मनावर घेतलं आणि टॉवरच्या माथ्यापर्यंत पाळलं. प्रिन्ससमोर पाच पट्ट्या एकदम रिकाम्या दिसल्या की त्यांचा हात आपोआप जात होता, कारण मी तसंच सांगितलं होतं, आणि वरून कानात ओरडतही होतो.

अक्कांच्या घरी

मंगळवारी संध्याकाळी वही घेऊन गेलो. कारखान्याचा हिशोब संपवून त्या नुकत्या बसल्या होत्या. चहा झाला. मी आधी चॅटवरच्या ओळीबद्दल माफी मागितली, मग वही उघडून तेरा ओळी दाखवल्या आणि म्हणालो, “अक्का, हे मी सांगितलं म्हणून झालंय.”

त्या बराच वेळ वही बघत राहिल्या. मग विचारलं, “म्हणजे एकावर आलेला माणूस मरत नाही?”

“लांब पळाला तर नाही. सात सेकंदांनी त्याचं त्याला परत मिळतं.”

“आणि हे मला कुणी सांगितलं नाही.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना कुठे उभं राहायचं, इन्फर्नल पडला तर कुठे सरकायचं, हे सांगितलं होतं. हील चालत नाही हे सगळ्यांना माहीत असेल असं धरून चाललो होतो.

पाच सेकंदांचा नियम सांगायला मी सुरुवात केली आणि अडखळलो, कारण खेळाच्या भाषेत तो फार कोरडा वाटतो. अक्कांनीच तो पूर्ण केला. “म्हणजे वापर चालू असला की भरत नाही. नळ बंद केला की टाकी भरायला लागती. आमच्याकडं पाणी येतंय त्या वेळी कुणी आंघोळीला बसत नाही, तसंच की.” पुढचा तासभर त्याच बोलत होत्या. टाकी किती, पाळी कधी, दिवसाला किती वापरायचं, पाहुणे आले तर कुठून काढायचं, हा हिशोब त्या रोज करतात. लढाई त्यांनी तशीच मांडली. पहिला टप्पा म्हणजे रोजचा वापर, दुसरा म्हणजे घरात लग्न. लग्नासाठी टाकी भरलेली हवी.

काय बदललं

सर्वांत आधी माझं तोंड. एनफीबल आलं की मी फक्त “हात वर” म्हणायचं ठरलं. हे शब्द अक्कांनी निवडले. पळायचं कुणी ते ज्याचं त्याला कळतं.

हीलबॉट या अॅडऑनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या जोड-प्रोग्राममध्ये, एनफीबलला वेगळा रंग दिला, गडद करडा. रिकामी पट्टी आणि करडी पट्टी यांत फरक दिसला की हात थांबतो. बदल एवढासा, पण मला वाटतं सगळ्यांत जास्त फरक यानेच पडला. डोळ्याला जे घाबरवतं ते नुसत्या समजावण्याने जात नाही.

मग कामं वाटून दिली. आजवर तिघंही सगळ्यांवर हील टाकत होते, त्यात एकाचा हील दुसऱ्याच्या अंगावर सांडत होता. आता अण्णांवर काकांचा लाइफब्लूम हा हील तीन थरांचा कायम आणि पोराचे फ्लॅश ऑफ लाइट. अक्का पहिल्या टप्प्यात बाकीच्यांना रिन्यू आणि प्रेअर ऑफ मेंडिंग या मंत्रांवर सांभाळणार आणि साठ टक्क्यांना अण्णांकडे वळणार. तिथे फ्लॅश हील सोडून ग्रेटर हील. तो सावकाश आहे, पण एका मानामागे फ्लॅश हीलच्या साधारण सव्वापट भरतो. शिवाय अर्धवट सोडायची युक्ती त्यावर चांगली चालते. मंत्र सुरू करून ठेवायचा आणि पूर्ण व्हायच्या आत अण्णांची पट्टी बघायची. भरलेली असेल तर मंत्र सोडून द्यायचा. माना कापला जातो तो मंत्र पूर्ण झाल्यावर, म्हणून सोडलेला मंत्र फुकट असतो आणि पाच सेकंदांची अटही नव्याने सुरू होत नाही. अक्कांनी याचा सराव दोन रात्री डंजनमध्ये केला.

पोशनचंही तसंच. सुपर माना पोशन 1800 ते 3000 माना देतं आणि दोन मिनिटांनी पुन्हा घेता येतं. अक्का ते ‘अडचणीला’ ठेवायच्या आणि एक घेईपर्यंत लढाई संपायची. दीड मिनिटाला पहिलं घेतलं तर आठ मिनिटांच्या लढाईत चार बसतात. सरासरी 2400 धरली तर 9600, म्हणजे आणखी एक अख्खी टाकी. शॅडोफीन्ड, म्हणजे अक्कांना माना मिळवून देणारा प्राणी, तोही तसाच लवकर सोडायचा. काकांनी आपला इनर्व्हेट, म्हणजे माना भराभर भरणारा मंत्र, अक्कांना द्यायचं कबूल केलं. स्पिरिटवर चालणाऱ्या प्रीस्टला तो सगळ्यांत जास्त लागू पडतो, पण आतापर्यंत काका तो स्वतःवरच टाकायचे.

गिअरवर थोडी वादावादी झाली. मूनक्लॉथचा अंगरखा त्या आठवड्यात शिवून झाला. अक्कांनी स्पिरिटची अंगठी परत घातली. हीलिंगचा आकडा साधारण चाळीसने खाली आला. पोरगा म्हणाला, “अक्का, उलटं चाललाव की तुम्ही.” त्यावर त्यांनी त्याला वही दाखवली, आणि तो गप्प बसला. नंतर त्याने चॅटमध्ये माफीही मागितली, कुणी न सांगता.

पाचवा शनिवार

पहिला प्रयत्न 38 टक्क्यांवर गेला, कारण दोन इन्फर्नल नेमके अण्णांच्या पाठीशी पडले. यात हीलरचा काही दोष नव्हता, आणि या वेळी मी ते लगेच मोठ्याने बोललो. लॉग तिथल्या तिथे उघडला. एनफीबल झालेल्यांवर अक्कांचे हील: एक. दुसऱ्या टप्प्यात शिरताना त्यांची टाकी निम्म्याहून जास्त भरलेली होती.

दुसरा प्रयत्न 22 वर संपला. तिसऱ्या टप्प्याचं तोंड आम्ही पहिल्यांदा बघितलं आणि गोंधळलो.

तिसऱ्या वेळी रात्रीचा दीड वाजून गेला होता. साठ टक्क्यांना कुऱ्हाडी आल्या. अण्णांची पट्टी एका क्षणी दहा टक्क्यांवर गेली आणि त्याच क्षणी अक्कांचा आधीच सुरू करून ठेवलेला ग्रेटर हील पडला. हे काही नशिबाने झालं नाही. गेली मिनिटभर त्या प्रत्येक मंत्र सुरू करत होत्या आणि सोडत होत्या. तीस टक्क्यांनंतर एनफीबल थांबलं. आता सगळ्यांवर मार पडत होता आणि सगळ्यांना भरायचं होतं, म्हणजे अक्कांना जे मुळात येत होतं तेच काम. प्रिन्स पडला तेव्हा त्यांच्या टाकीत जवळपास पाव हिस्सा शिल्लक होता. व्हॉइसवर अण्णा इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या घरचे उठले.

लाइट्स जस्टिस ही हीलरची गदा पडली नाही. शिरस्त्राणाचं टोकन पडलं, म्हणजे ज्याच्या बदल्यात शिरस्त्राण मिळतं ते. वॉरियर, प्रीस्ट आणि ड्रुइड तिघांना चालणारं. महिनाभर गिअरवरून बोलणी खाल्लेल्या माणसाला ते द्यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. अण्णा आधीच म्हणाले, “मी रोल करत नाही, अक्कांना द्या.” काकाही नको म्हणाले.

अक्कांनी घेतलं नाही. “अण्णांना द्या. त्यांच्या डोक्यावर चिलखत चढलं की त्यांना मार कमी बसतोय, आणि माझं पाणी वाचतंय.” टँकच्या गिअरचा असा हिशोब मी स्वतः कधी मांडला नव्हता, आणि तो पूर्ण बरोबर होता. टोकन अण्णांना गेलं.

पुढच्या आठवड्यापासून रेडची वेळ ठरवायच्या आधी प्रत्येकाच्या भागात पाणी कधी येणार ते विचारायला लागलो. जुळे सोलापूरला सकाळी, अशोक चौकाकडे रात्री, काकांकडे पहाटे. पाळी पाच दिवसांची आणि रेड सात दिवसांनी, त्यामुळे गाठ कधीतरी पडायचीच. त्या शनिवारी आम्ही रात्री साडेबाराला सुरू करायचो.